दोन आसनांची हलकी गाडी आणि रेसिंगची घाई

पत्राचा सारांश: ४३ वर्षांच्या एका वाचक महिलेने पतीसह घरच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची किट कार (सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी) जोडली आहे. गाडीची नोंदणी झाली असून ती रस्त्यावर व्यवस्थित चालते. सुटीच्या दिवशी दोघांनी तिच्यातून फिरायला जावे, एवढीच पतीची इच्छा आहे. पत्रलेखिकेला मात्र येत्या मोसमात हौशी रेसिंग सुरू करायचे आहे. मित्रमंडळींचा सल्ला असा, की शेजारचे आसन आणि विंडस्क्रीन काढून पूर्ण रोल केज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) बसवावा, अधिक शक्तीचे इंजिन, मोठ्या ब्रेक डिस्क आणि कडक रेसिंग पॅड घालावेत, दोन-तीन ट्रॅक डेवर (शुल्क भरून सर्किटवर आपली गाडी चालवण्याच्या दिवशी) हात बसवून घ्यावा आणि मग थेट शर्यतीत उतरावे. पतीचे म्हणणे, ‘गाडी दोघांची आहे आणि तू ती आपटणार.’ त्या विचारतात: वय निघून जाण्याआधी हे पाऊल उचलावे, की गाडी रस्त्यापुरती ठेवून हा नाद सोडून द्यावा? आणि घाबरणाऱ्या पतीचे मन कसे वळवावे?

उत्तर:

तुम्ही दोनच पर्याय मांडले आहेत आणि दोन्ही टोकाचे आहेत. तुमचा वाद गाडीवरून चालला आहे असे पत्रावरून दिसते. पण नेमका कोणता खेळ खेळायचा आहे हे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरल्याशिवाय गाडीचे काय करायचे हा प्रश्न सुटणारा नाही. रेसिंग या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. ट्रॅक डेला घड्याळ नसते, क्रमांक नसतात, आणि दुसऱ्या गाडीला मागे टाकणे हे तिच्या चालकाच्या संमतीने होते. स्प्रिंट (छोट्या मार्गावरची वेळेची स्पर्धा) किंवा हिलक्लाइंबमध्ये (तशीच स्पर्धा, पण चढाच्या रस्त्यावर) घड्याळ असते, पण मार्गावर गाड्या ठरावीक अंतराने सोडतात आणि तुमचे भांडण फक्त वेळेशी असते. शर्यतीत घड्याळाबरोबर इतर चालकही असतात आणि पहिल्या वळणावर सगळ्यांना एकच जागा हवी असते. तुमच्या पत्रात ‘रेसिंग’ हा शब्द वारंवार येतो, परंतु तुम्ही ज्या आनंदाचे वर्णन केले आहे तो वळणात गाडी तोलून धरण्याचा आणि आपण घट्ट केलेला प्रत्येक बोल्ट काम करतो आहे हे अनुभवण्याचा आहे. हा आनंद तिन्ही प्रकारांत मिळतो. इतरांशी चाके भिडवण्याची ओढ तुम्हाला खरोखर आहे का, हे आधी तपासा. असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त ती आपलीच आहे, मित्रांच्या बोलण्यातून आलेली नाही, एवढी खात्री करून घ्या.

ट्रॅक डे म्हणजे शर्यतीची रंगीत तालीम, हे तुमचे एक गृहीतक आहे आणि ते अर्धेच खरे आहे. तिथे सर्किटची ओळख होते, ब्रेक कुठे लावायचा आणि वळणात कुठून शिरायचे हे अंगवळणी पडते, गाडीची तब्येत कळते. शर्यतीचे जे खास कौशल्य, म्हणजे बाजूला गाडी असताना आपली रेषा सांभाळणे, आतली बाजू राखणे, आरशात आणि समोर एकाच वेळी लक्ष ठेवणे, त्याचा सराव मात्र तिथे होत नाही, कारण नियमच त्याला मज्जाव करतात. बहुतेक ठिकाणी ओलांडायचे ते फक्त सरळ पट्ट्यावर, ठरलेल्या बाजूने आणि पुढच्याने इशारा केल्यावर. वेळ मोजायलाही सहसा बंदी असते, कारण मोजणी सुरू झाली की विमा कंपनीच्या लेखी ती स्पर्धा ठरू शकते. म्हणून ट्रॅक डेवर तुम्ही वेगवान ठरलात तरी त्यावरून शर्यतीतली तयारी कळत नाही, आणि तिथे मागे पडलात तरी खचण्याचे कारण नाही.

त्यातही तुमच्या गाडीची एक खास अडचण आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेल्या लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅमकडे गेले, त्यानंतर या घाटाच्या असंख्य गाड्या कारखान्यांत आणि घराघरांत तयार झाल्या. पण मूळ गणित बदललेले नाही. वजन अत्यंत कमी आणि हवेचा विरोध मात्र भरपूर, कारण उघडी चाके, उभी विंडस्क्रीन आणि बाहेर आलेले दिवे हवा कापण्याऐवजी तिला ढकलत जातात. परिणामी वळणांत तुम्ही दुप्पट किमतीच्या गाड्यांच्या मागे अडकता, आणि वळण संपले की त्याच गाड्या सरळ पट्ट्यावर दूर निघून जातात. मग पुढच्या वळणात पुन्हा तेच. नव्या चालकाचा संयम इथेच सुटतो. अशा वेळी दोन वळणांपुरता वेग कमी करून मोकळी जागा मिळवणे, किंवा एक फेरी पिटमधून (सर्किटलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेतून) काढून पुन्हा बाहेर पडणे, हाच शहाणपणाचा मार्ग. शिवाय तुमची गाडी इतकी बुटकी आहे, की उंच गाडीच्या आरशात ती दिसेलच असे नाही. आपण त्याला दिसलो असू, असे गृहीत धरून कुणाच्याही बाजूला शिरू नका.

हलकेपणाचे फायदे खरे आहेत आणि ते मोजता येतात. चालकासह ६०० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ५२० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. १,४०० किलोच्या गाडीत त्याच वेगाला ती १,२०० किलोज्यूलच्या पुढे जाते. थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेक आणि टायर यांनाच पचवावी लागते, त्यामुळे जड गाडीचे पॅड आणि टायर ज्या वेगाने झिजतात त्याच्या जवळपासही तुमचे झिजणार नाहीत. म्हणूनच मोठ्या डिस्क आणि कडक रेसिंग पॅड घालण्याचा सल्ला मला पटत नाही. एवढ्या हलक्या गाडीत असे पॅड पुरेसे तापतच नाहीत, आणि थंड रेसिंग पॅड ऐनवेळी साध्या पॅडपेक्षा कमी पकड देतो. टायरमधील हवेचेही तसेच. सर्वसाधारण मोटारीत ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. या घाटाच्या गाड्यांना थंड टायरमध्ये बहुधा १८ ते २० पीएसआय पुरते. किटच्या निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करा, टायर तापल्यावर पुन्हा मोजा आणि वहीत नोंद ठेवा. हा फरक जवळजवळ फुकटात मिळतो आणि नव्या इंजिनापेक्षा लवकर जाणवतो.

मात्र गाडी हलकी असली म्हणजे ती क्षमाशीलही असते, असे समजू नका. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारे एबीएस नाही, चाके घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी, स्टीअरिंग अतिशय तीव्र. ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्यावर घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडला, की मागचा भाग बाहेर यायला वेळ लागत नाही. म्हणून अधिक शक्तीच्या इंजिनाचा विचार निदान एक मोसम पुढे ढकला, असे मी आग्रहाने सांगेन. शक्ती वाढली की वळणातली चूक पुढच्या सरळ पट्ट्यावर झाकली जाते. चालक वेगवान झाल्यासारखा वाटतो आणि शिकणे थांबते. त्यातून मोटारसायकलचे इंजिन बसवायचे म्हटले, तर रिव्हर्स गिअरसाठी वेगळी सोय, क्लचची वेगळी सवय आणि गोंगाट अशी आणखी तीन दुखणी विकत घेतल्यासारखे होईल.

आता शेजारच्या आसनाकडे येऊ, कारण मित्रांच्या यादीत मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच आहे. ट्रॅक डेवर नव्या चालकाला सर्वाधिक उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे शेजारी बसलेला प्रशिक्षक, आणि तुम्ही त्याचीच जागा उखडायला निघाला आहात. तासाभराच्या शिकवणीत तुमची नजर किती जवळ खिळते आणि तुम्ही ब्रेक किती लवकर सोडता, हे तो दाखवून देईल. बाजारातला कोणताही सुटा भाग ते करणार नाही. आसन ठेवा आणि पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाची वेळ घ्या.

रोल केज, इंजिन, टायर, एक्झॉस्ट यांतले काहीही विकत घेण्याआधी ज्या स्पर्धामालिकेत उतरायचे आहे तिची नियमपुस्तिका मागवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. हा सल्ला केवळ तुम्हालाच नाही, घरी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला देण्यासारखा आहे. कोणत्या मालिकेत किती क्षमतेचे इंजिन चालते, टायर कोणत्या मेकचे आणि कोणत्या मापाचे, केज कोणत्या नळीचा, किमान वजन किती, हे सारे तिथे ठरलेले असते. ‘सर्वसाधारण रेसिंगसाठी’ बदललेली गाडी बहुधा कुठल्याच वर्गात नीट बसत नाही. ती सरकवली जाते खुल्या वर्गात, जिथे तिच्यापेक्षा कितीतरी खर्चिक गाड्या वाट पाहत असतात. ब्रिटनमध्ये १९३९ पासून चालत आलेल्या ७५० मोटर क्लबसारख्या संस्थांनी स्वस्त, एकसारख्या गाड्यांच्या मालिका मुद्दाम राखल्या, त्यामागे हाच विचार आहे: खर्चाला नियमांनी लगाम घातला, की चालकांमधला फरक दिसू लागतो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी काटकसर सुचवणार नाही. उघड्या गाडीत रोल बार (आसनामागची संरक्षक नळीची कमान) तुमच्या हेल्मेटच्या वर किती राहतो, हे हार्नेस (खांदे आणि कंबर जखडणारे अनेक पट्ट्यांचे सीट बेल्ट) घट्ट बांधून, हेल्मेट घालून आणि नेहमीच्या बैठकीत बसून दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्या. रस्त्यासाठी दिलेला बार अनेकदा उंच चालकाच्या डोक्याखाली राहतो, आणि असा बार असून नसल्यासारखाच. हार्नेसचे खांद्यावरचे पट्टे मागे जवळजवळ आडवे गेले पाहिजेत. ते आसनामागून सरळ जमिनीकडे ओढले असतील, तर आदळल्यावर सगळा जोर मणक्यावर येतो. हेल्मेट मोटारस्पर्धेच्या प्रमाणाचे घ्या, म्हणजे स्नेल या अमेरिकी हेल्मेट-चाचणी संस्थेच्या एसए वर्गातले किंवा एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धा महासंघाच्या मान्यतेचे. मोटारसायकलच्या हेल्मेटला आगीला तोंड देण्याची कसोटी नसते. खांदे हार्नेसने जखडले, की धडकेत डोके एकटेच पुढे झेपावते आणि कवटीच्या तळाला इजा होते. ती टाळण्यासाठी रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात हान्स हे खांद्यांवर बसणारे आणि हेल्मेटला पट्ट्यांनी धरून ठेवणारे उपकरण विकसित केले. फॉर्म्युला वनने ते २००३ पासून सक्तीचे केले. ट्रॅक डेला ते सहसा ऐच्छिक असते. तुम्ही ते पहिल्या दिवसापासून वापरावे, असे माझे मत आहे. पैसे कमी पडले तर टायर पुढच्या वर्षी घ्या.

घरी बांधलेल्या गाडीचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवायला हवे. कारखान्यातून आलेल्या गाडीतला प्रत्येक सांधा हजारो गाड्यांत तपासला गेलेला असतो. तुमच्या गाडीतला सांधा पहिल्यांदाच कसोटीला लागणार आहे. सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक आणि हार्नेस यांचा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासून त्यावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे नट फिरला असेल तर नजरेनेच कळेल. आणि ही पाहणी ट्रॅकवरच्या प्रत्येक सत्रानंतर करा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे फ्लुइड निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते, आणि उकळलेल्या फ्लुइडवर पेडल दाबले तर पाय सरळ तळाला जातो. गाडी जोडताना भरलेले फ्लुइड पहिल्या ट्रॅक डेआधी बदला. लांब वळणात इंजिनातले तेल एका बाजूला चढते आणि पंपाचे तोंड कोरडे पडू शकते. इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत (सम्पमध्ये) अडथळ्याच्या पट्ट्या आहेत का ते पाहा आणि वळणात तेलाच्या दाबाचा काटा पडतो का, यावर प्रशिक्षकाला नजर ठेवायला सांगा. परत आल्यावर तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावू नका. एक फेरी हळू मारून ब्रेक निवू द्या आणि गाडी गिअरमध्ये उभी करा. आवाजाची चाचणीही विसरू नका. रस्त्यावर चालणारा एक्झॉस्ट सर्किटच्या मर्यादेत बसेलच असे नाही, आणि डेसिबल मीटरशी हुज्जत घालून उपयोग नसतो. भरलेले शुल्क जाते आणि गाडी दिवसभर पिटमध्ये राहते.

आता तुमच्या पतीच्या आक्षेपाविषयी. तो तुम्ही भीती म्हणून बाजूला सारला आहे. मला त्यात हिशेब दिसतो. रस्त्याचा विमा सर्किटवर बहुधा लागू होत नाही. ट्रॅक डेसाठी वेगळा विमा मिळतो, पण त्यात सुरुवातीचा मोठा वाटा स्वतः भरावा लागतो. आणि शर्यतीतले नुकसान तर हौशी चालक बहुतेक वेळा खिशातूनच भरतो. या खेळात पूर्वापार सांगतात, की जी गाडी गमावणे परवडणार नाही ती ट्रॅकवर नेऊ नये. तुमची गाडी दोघांच्या श्रमाची आहे, त्यामुळे ती गमावणे परवडेल की नाही हे एकट्याने ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. दोघांनी बसून एक आकडा ठरवा: वर्षभरात दुरुस्तीवर जास्तीत जास्त किती खर्च चालेल, आणि तो ओलांडला की तो मोसम तिथेच थांबवायचा. मन वळवण्याच्या युक्त्या तुम्ही मागितल्या आहेत, त्या मी देणार नाही. हा आकडा प्रामाणिकपणे ठरला तर त्यांची गरज पडू नये.

आणि इथेच मित्रांच्या यादीत नसलेला पर्याय समोर येतो. स्प्रिंट आणि हिलक्लाइंबमध्ये रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतात, ज्यांत तुमची गाडी विंडस्क्रीन आणि दोन्ही आसनांसह, थोड्याफार सुरक्षा साहित्याची भर घालून उतरू शकते. हा खेळ दुय्यम समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील शेल्सली वॉल्शच्या चढावर १९०५ पासून गाड्या धावत आहेत आणि जेमतेम ९१४ मीटरच्या त्या मार्गावर माणसे वर्षानुवर्षे सेकंदाचे दशांश कमी करत राहतात. त्याहूनही तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे या स्पर्धांत एकाच गाडीवर दोन चालकांनी नाव नोंदवण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिकेतील ऑटोक्रॉसमध्येही, जिथे मोकळ्या आवारात शंकू मांडून मार्ग आखतात, जोडीने एक गाडी चालवणारे बरेच असतात. तुमच्या पतींनी जी गाडी जोडली ती तेही चालवू शकतील. त्यांना घड्याळाचे वावडे असेल तर गोष्ट वेगळी. पण विचारून पाहायला हरकत नाही. कदाचित त्यांची वेळ तुमच्यापेक्षा चांगली येईल, आणि मग घरातला वाद निराळाच होईल.

वयाची काळजी मात्र मला अनाठायी वाटते. हौशी मोटारस्पर्धांत चाळिशी-पन्नाशीत पहिला परवाना काढणारे चालक अपवाद नाहीत. पोरे मोठी झाल्यावर आणि हाती थोडा पैसा आल्यावरच अनेकांना हे जमते. परवान्यासाठी बहुतेक देशांत वैद्यकीय तपासणी, नियमांची आणि झेंड्यांची परीक्षा आणि ट्रॅकवरची चाचणी, असे टप्पे कमीअधिक फरकाने असतात. त्यांत वयापेक्षा दृष्टी आणि समज यांची कसोटी लागते. एक मोसम थांबल्याने तुमचे काही बिघडणार नाही. घाईत गाडी कापून ठेवलीत तर मात्र ती पूर्ववत करायला याहून जास्त काळ जाईल.

त्या मोसमानंतरही शर्यतीची ओढ कायम राहिली, तर स्वतःची गाडी बदलण्याआधी एका शर्यतीपुरती तयार गाडी भाड्याने घ्या. अनेक संघ गाडी, मेकॅनिक आणि नोंदणी अशी एकत्र सोय देतात. रक्कम ऐकून दचकाल. पण केज, आसन, अग्निशामक यंत्रणा, मुख्य विद्युत स्विच आणि ते सगळे बसवण्याची मजुरी यांची बेरीज केल्यावर ती तितकी अवास्तव वाटणार नाही. ब्रिटनमध्ये नवख्यांच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावतात, आणि अनुभवी चालक तिला जपून असतात. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर ती फुली लावण्यात कमीपणा मानू नका. त्याआधी एखाद्या आठवड्याअखेरीस मार्शलला (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या कार्यकर्त्याला) मदतनीस म्हणून सर्किटवर उभ्या राहिलात तर फार उत्तम. धोक्याचा पिवळा झेंडा दिसूनही वेग न सोडणारा चालक वळणाबाहेरून कसा दिसतो, हे एकदा पाहिले की ते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

तेव्हा इंजिनाची मागणी नोंदवली असेल तर ती रद्द करा, नियमपुस्तिका मागवा आणि प्रशिक्षकासह एका ट्रॅक डेची तारीख पतीच्या सोयीने ठरवा. गाडीतले हार्नेस किटबरोबर आलेले असतील तर त्यांच्या पट्ट्यावरचे लेबल आजच पाहा. एफआयए मान्यतेच्या हार्नेसवर शेवटचे वैध वर्ष छापलेले असते, आणि गाडी जोडण्यात गेलेला काळही त्या मुदतीतूनच वजा झालेला आहे.